फ्रीझरमधल्या दुधाला साबणासारखा वास, मुलगी तोंड फिरवते. लवकर सांगा!

तळ्याकाठी
सोमवारपासून ऑफिस. तीन आठवडे रात्री उठून पंप करून २२ पाकिटं साठवली आहेत. आज रंगीत तालीम म्हणून एक काढलं, तर अंगावरच्या दुधाला चक्क भांडी घासायच्या साबणाचा वास! मुलगी एक घोट घेते, तोंड वेडंवाकडं करते आणि सगळं फुर्रकन बाहेर. सासूबाई म्हणतात नासलंय, ओतून टाक. खरंच सगळं फेकायचं का? कृपया 'डॉक्टरांना विचारा' लिहू नका, आमचे डॉक्टर रविवारपर्यंत गावी आहेत.

साधा_माणूस
डॉक्टरांना विचारा.

मोरपंखी
अगं, बाळ किती महिन्यांचं? फ्रिज कुठला? पाकिटांवर तारखा आहेत का? आणि दूध गरम कसं केलंस? यातलं काहीच लिहिलं नाहीस.

तळ्याकाठी
पाच महिने. फ्रिज म्हणजे फ्रिज, त्याचं काय एवढं? तारखा आहेत, मार्करने लिहिल्यात. गरम नेहमीसारखंच केलं. मला वासाबद्दल सांगा ना.

जर्सीकर
आम्ही इकडे गॅरेजमधल्या डीप फ्रीझरमध्ये ठेवायचो. उणे १८ अंशांना ६ महिने उत्तम, अगदी १२ महिन्यांपर्यंत चालतं. तुम्ही एक बॉटल वॉर्मर घेऊन टाका, सगळे प्रश्न मिटतील. आमच्या दोन्ही मुलांना...

बोका
डोंबिवलीच्या वन बीएचकेत गॅरेज शोधतोय. सापडलं की कळवतो.

सोनचाफा
वासाचं मी सांगते, माझं डिट्टो हेच झालं होतं. दुधात लायपेज नावाचं पाचक द्रव्य असतं, ते स्निग्धांश फोडतं. काहींच्या दुधात त्याचं काम जोरात चालतं आणि दूध थंड असतानाही पूर्ण थांबत नाही. म्हणून साबणाचा वास. दूध खराब झालेलं नसतं, बाळाला अपाय नाही, फक्त चव आवडत नाही. नासलेल्या दुधाचा वास आंबट, नाकात जाणारा असतो, तो लगेच कळतो. खात्री करायची तर आत्ता ताजं काढलेलं थोडं वाटीत घे, झाकून फ्रिजमध्ये ठेव आणि चार-चार तासांनी हुंगत राहा. ताज्याला वास नाही आणि नंतर हळूहळू आला, तर तेच.

नाना_ठाणे
आमच्या वेळी हे पंप-बिंप नव्हतं. आई कामाला गेली की आजी वाटीभर गाईचं दूध पाणी घालून बोंडल्याने पाजायची. मुलं ठणठणीत. वासासाठी चिमूटभर जायफळ आणि बोटभर मध घाला.

परिचारिका_मी
नाना, राग मानू नका, पण एक वर्षाच्या आत मध अजिबात नाही. त्यातल्या जंतूंच्या बीजाणूंमुळे तान्ह्यांना बॉट्युलिझम नावाचा गंभीर आजार होऊ शकतो. गाईचं दूधही मुख्य आहार म्हणून वर्षानंतरच. बोंडलं मात्र छान. मी नवजात कक्षात काम करते. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा बोंडलं स्वच्छ करायला सोपं, कानाकोपरे कमी.
तळ्याकाठी ताई, 'नेहमीसारखंच' म्हणजे कसं? आणि फ्रिज एका दाराचा की दोन?

तळ्याकाठी
सोनचाफा, थँक यू, ताज्याला खरंच वास नाही! वाटी ठेवलीये.
एका दाराचा. वर बर्फाचा कप्पा आहे. त्यात फार बर्फ साचतो म्हणून मध्ये एकदा बटण दाबून वितळवला होता. तेव्हा पाकिटं पातेल्यात ओल्या टॉवेलखाली होती. कडा सुटल्या होत्या, मध्ये दगड. मग परत ठेवली. आणि गरम सासूबाईंनी केलं, पातेल्यात, गॅसवर.

परिचारिका_मी
हे सगळं पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं.
एका दाराच्या फ्रिजमधला तो कप्पा म्हणजे फ्रीझर नव्हे. दार उघडलं की तिथलंही तापमान वर-खाली होतं. तिथे साधारण दोन आठवडेच धरायचे. म्हणजे तुमची सर्वांत जुनी पाकिटं वासामुळे नाही, तारखेमुळे बाद. कडा सुटलेल्या पाकिटांत बर्फाचे खडे शिल्लक होते, तेव्हा परत गोठवली ते चालतं, पण ती आधी वापरा. पूर्ण वितळलेलं मात्र पुन्हा कधीच गोठवायचं नाही.
गॅस बंद! पाकीट रात्री खालच्या कप्प्यात, आतल्या बाजूला उतरवा, दारात नको. पूर्ण वितळल्यापासून २४ तासांत संपवायचं. पाजताना वाडग्यात कोमट पाणी घेऊन त्यात दुधाचं भांडं ठेवा, दोन-चार मिनिटं पुरतात. साय वर आली असेल तर हलकेच गोल फिरवून मिसळा. मनगटावर थेंब टाकून बघा, कोमटही लागलं नाही तरी चालेल. तोंड लावून उरलेलं दोन तासांत संपवा, नाहीतर टाका. परत फ्रिजमध्ये नको.

साधा_माणूस
मायक्रोवेव्हमध्ये दहा सेकंद. आम्ही हेच करायचो, काही झालं नाही.

मोरपंखी
'काही झालं नाही' हा पुरावा नव्हे. मायक्रोवेव्ह एकसारखं तापवत नाही. बाहेरून बाटली गार आणि मध्ये चटका, बाळाचं तोंड पोळतं.

बोका
पण दुधाच्या बँकेत तर तापवतातच ना? मग गॅसने काय बिघडतं?

परिचारिका_मी
तिथे ६२.५ अंशांवर मोजून ३० मिनिटं आणि लगेच थंड. ते दुसऱ्या आईचं दूध आजारी किंवा अपुऱ्या दिवसांच्या बाळाला द्यायचं असतं म्हणून. सायनच्या रुग्णालयात १९८९ साली आशियातली पहिली अशी बँक डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली. पातेल्यातल्या उकळीशी त्याची तुलना नको.

सोनचाफा
एक भर घालते. लायपेजसाठी दूध काढल्या काढल्या मंद आचेवर, कडेला बारीक बुडबुडे येईपर्यंतच तापवून, पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून गार करून मग गोठवतात. उकळी नाही. वास येत नाही. पण त्याने दुधातले काही रक्षक घटक कमी होतात, म्हणून बाळ पीत असेल तर नको. आणि एकदा वास आला की तापवून जात नाही.

साधा_माणूस
पण सहा महिन्यांची सुट्टी कायद्याने असताना पाच महिन्यांच्या बाळाला सोडून कशाला जायचं?

तळ्याकाठी
सुट्टी २६ आठवड्यांची, त्यातले ४ बाळंतपणाआधीच गेले. हिशोब करा. मी विचारलं दुधाचं, माझ्या नोकरीचं नाही.

मोरपंखी
ऑफिसात ५० किंवा जास्त लोक असतील तर पाळणाघर हवं आणि दिवसातून चार वेळा बाळाकडे जायची मुभा हवी, २०१७ पासून कायदा आहे. विचारून बघ.

तळ्याकाठी
आम्ही १९ जण आहोत. पंप करायला स्टोअर रूम देतायत, कडी नाही. जाऊ दे.
आणि तिथे काढलेलं घरी कसं आणू? लोकलला दीड तास, मे महिना.

सोनचाफा
इन्सुलेटेड डबा आणि गोठवलेल्या बर्फाच्या पिशव्या, २४ तास टिकतं. तोपर्यंत ऑफिसच्या फ्रिजमध्ये. बाहेर २५ अंशांपर्यंत चार तास म्हणतात, पण आपल्या मेमध्ये पंख्याखालीसुद्धा ते धरू नकोस, काढलं की लगेच थंडाव्यात. साध्या फ्रिजमध्ये चार दिवस राहतं, मग रोजचं गोठवायचंच कशाला? आजचं उद्या. वासही कमी येईल.

तळ्याकाठी
हे मला सुचलंच नाही!!
वाटीचा निकाल: बारा तासांना काही नाही, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी साबण. म्हणजे आजचं उद्या चालेल.
दोन आठवड्यांवरची ८ पाकिटं बेसिनमध्ये ओतली. एकेका पाकिटावर माझंच अक्षर, 'रा. ३.१०', 'रा. २.४०'. सासूबाई दारात उभ्या होत्या. काही बोलल्या नाहीत, चहा टाकला.

नाना_ठाणे
जायफळाला कोणी काही म्हटलं नाही.

परिचारिका_मी
तेही नको, नाना.

तळ्याकाठी
अपडेट, सोमवार रात्र. कालचं ताजं काढलेलं, कोमट पाण्यात ठेवून, सासूबाईंनी त्यांच्या माहेरच्या चांदीच्या बोंडल्याने पाजलं. ६० मिली, मग परत ४०. मी घरात असताना शुक्रवारी त्याच बोंडल्याला हातसुद्धा लावू दिला नव्हता बाईसाहेबांनी. साबणवाली १४ आहेत, ती ताज्यात थोडी थोडी मिसळून बघणार.

परिचारिका_मी
मिसळताना दोन्ही थंड असू देत, आणि मुदत जुन्या दुधाची धरा.

गुलबक्षी
नमस्कार, धागा आत्ता वाचला. पंप कुठला घेतलात? हाताचा की विजेचा? माझ्या नणंदेला विचारायचंय.

तळ्याकाठी
वेगळा धागा काढा प्लीज. मला पाचला उठायचंय.