मदत हवी आहे: पीएच.डी.चे पहिले वर्ष, एफ-२ व्हिसावर आलेला नवरा आणि आमच्यातला अबोला

नमस्कार. मी अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागातील एका विद्यापीठात संख्याशास्त्रात पीएच.डी. करते आहे आणि पहिल्या वर्षाचे दुसरे सत्र आता निम्म्यावर आले आहे. माझा नवरा चाकणच्या एका कारखान्यातील उत्पादन विभागाची नोकरी सोडून माझ्याबरोबर इथे आला. लग्नानंतर आणि काही वर्षे नोकरी केल्यावर ज्यांनी पुन्हा विद्यार्थिदशा पत्करली, किंवा ज्यांच्या जोडीदाराने ती पत्करली, अशांचा सल्ला मला हवा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पुण्यात मी महाविद्यालयात हाच विषय शिकवत होते, त्यामुळे अभ्यास जड जाईल असे वाटले नव्हते. प्रत्यक्षात मेझर थिअरीचे आणि अनुमानशास्त्राचे दर आठवड्याचे गृहपाठच रात्री उशिरापर्यंत पुरतात, आणि त्याशिवाय आठवड्याला २० तासांची टीएशिप असते: पदवीच्या विद्यार्थ्यांचे तास घेणे, त्यांचे पेपर तपासणे, ऑफिस अवर्सना, म्हणजे शंका सोडवण्याच्या ठरलेल्या वेळेत, बसणे. शुल्कमाफी आणि स्टायपेंड या कामाबद्दलच मिळत असल्याने त्यात हयगय करता येत नाही. उन्हाळ्यात क्वालिफायर, म्हणजे पीएच.डी. पुढे चालू ठेवण्यासाठीची पात्रता परीक्षा आहे. आमच्या विभागात ती परीक्षा दोनदाच देता येते आणि दुसऱ्यांदाही जमले नाही तर मास्टर्स घेऊन बाहेर पडावे लागते. अ‍ॅडव्हायझर (संशोधनाचा मार्गदर्शक) अजून ठरलेला नाही, त्यामुळे ज्या संशोधनासाठी एवढा खटाटोप केला त्याला हातही लागलेला नाही. वर्गातली बहुतेक मुले नुकतीच पदवी घेऊन आलेली आहेत. जी सिद्धता ती फळ्यासमोर उभी राहून मांडतात, तिच्यावर माझी अख्खी संध्याकाळ जाते. आपण इथे बसण्याच्या लायकीचे आहोत का, हा प्रश्न मला रोज पडतो.

एफ-२, म्हणजे विद्यार्थ्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या व्हिसाच्या अटी ज्यांना ठाऊक नसतील त्यांच्यासाठी सांगते. या व्हिसावर आलेल्या जोडीदाराला पगारी काम करता येत नाही. माझ्यासारख्या एफ-१ (विद्यार्थी व्हिसा) वर आलेल्याला विद्यापीठाच्या आवारात काम करण्याची मुभा असते, तेवढीही त्याला नाही. २०१५ पासून मान्यताप्राप्त संस्थेत अर्धवेळ शिकता येते, परंतु पूर्णवेळ अभ्यासक्रमासाठी स्वतः एफ-१ दर्जा मिळवावा लागतो. ज्या माणसाने पाळीवर कामगारांची मोठी तुकडी सांभाळली, तो आज किराणा आणतो, स्वयंपाक करतो आणि मी घरी येण्याची वाट पाहतो. थंडीत बाहेर पडवत नाही, बस तासाला एक, आणि गाडी घेण्याइतके पैसे नाहीत. खाते दोघांच्या नावावर असले तरी त्यात येणारा पैसा माझा एकटीचा आहे, आणि जोडे घेण्यापूर्वीसुद्धा तो मला विचारतो, याचा मला फार त्रास होतो. पुण्यात त्याचा पगार माझ्यापेक्षा जास्त होता आणि तेव्हा मी त्याला असे कधी विचारत नसे.

पैशाची ओढाताण मी सोसू शकते. मला सोसत नाही ते असे की, त्याने माझ्यासाठी जे सोडले त्याचे माझ्यावर ऋण झाले आहे आणि त्या ऋणामुळे आम्ही दोघेही खरे बोलेनासे झालो आहोत. मी थकले आहे, मला हे जमणार नाही अशी भीती वाटते, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू? ज्याने नोकरी सोडली त्याच्यापुढे ‘मला इथे यायचेच नव्हते का’ असा विचार बोलून दाखवणे मला क्रूरपणाचे वाटते. त्याच्या बाजूनेही तसेच असावे. माझी परीक्षा आहे म्हणून तो आपला कंटाळा आणि आपली अस्वस्थता गिळून टाकतो, आणि मग मीठ कमी पडले किंवा मी जेवताना लॅपटॉप उघडला एवढ्या कारणावरून दोन-दोन दिवस अबोला होतो. मध्यंतरी सासूबाईंच्या फोनवरून मला कळले की, तो कुठल्याशा परीक्षेची तयारी करतो आहे असे त्याने घरी सांगितले आहे. तशी कोणतीही परीक्षा नाही. त्या विचारत होत्या, ‘अगं, त्याची परीक्षा कधी आहे?’ मी काहीतरी बोलून वेळ मारून नेली. त्याला मात्र याबद्दल मी अजून काही विचारलेले नाही, कारण जे त्याला आईवडिलांपासून लपवावेसे वाटले ते मी उघडे केले, तर उरलासुरला मानही जाईल असे मला वाटते. याबाबत मी काय करावे, हे वडीलधाऱ्या सदस्यांनी जरूर सांगावे.

विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रात, एक जण विद्यार्थी असल्यास, जोडप्याला एकत्र वेळ मिळते. मी सुचवून पाहिले. परक्या माणसासमोर घरातले काढायचे नाही, असे तो म्हणाला आणि विषय तिथेच थांबला.

पुढच्या वाटा मला दिसतात त्या अशा. त्याने इथेच मास्टर्सला प्रवेश घ्यावा आणि एफ-१ वर यावे. नंतर ओपीटीचे (शिक्षणानंतर आपल्या विषयात काम करण्याच्या परवानगीचे) १२ महिने आणि अभियांत्रिकी शाखेमुळे आणखी २४ महिने काम करता येईल, हा त्यातला मोठा फायदा. पण शुल्क स्वतः भरायचे तर कर्ज काढावे लागेल आणि मग आमच्या घरात ऐन अभ्यासात बुडालेले दोघे असतील. दुसरी वाट म्हणजे त्याने परत जाऊन नोकरी धरावी आणि आम्ही निदान क्वालिफायरपर्यंत वेगळे राहावे. ही कल्पना त्याने स्वतः मांडली आहे. इथल्या हिवाळ्यात पुण्याचे घड्याळ साडेअकरा तास पुढे असते; आत्ताच नीट बोलणे होत नसताना तेवढ्या अंतरावरून ते कसे होईल याची मला धास्ती वाटते. तिसरी वाट, मी मास्टर्स घेऊन थांबावे आणि दोघांनी परतावे, ही त्याच्यापुढे मी मांडलेली नाही. मांडली तर तो ठाम नकार देईल आणि स्वतःलाच दोष देत राहील, हे मला ठाऊक आहे. भारतातल्या कंपनीचे काम इथून ऑनलाइन करावे असे काही परिचितांनी सुचवले होते. व्हिसाच्या अटींचा भंग झाल्याचा ठपका आला तर तो पुढच्या प्रत्येक अर्जात आडवा येईल, म्हणून तो विचार आम्ही सोडून दिला आहे. कृपया तो सल्ला देऊ नये.

जे एफ-२ वर राहिले आहेत, विशेषतः नोकरी सोडून आलेल्या पुरुषांनी, स्वतःचा दिवस कसा उभा केला ते लिहावे. विनावेतन सेवाकार्य, अर्धवेळ वर्ग यांपैकी कशाने खरोखर फरक पडला, आणि जोडीदाराने काय बोलल्याने किंवा न बोलल्याने बरे वाटले? ज्या जोडप्यांपैकी एक जण परत गेला, त्यांचा अनुभव मला अधिक मोलाचा वाटेल, तो कटू असला तरी. एफ-२ वरून एफ-१ वर जाण्यासाठी इथूनच अर्ज करावा की मुंबईला जाऊन नवा व्हिसा घ्यावा, हेही कोणी अलीकडे केले असल्यास सांगावे. इथून केलेल्या अर्जाला महिनोन्महिने लागतात आणि तो मंजूर होईपर्यंत पूर्णवेळ वर्ग सुरू करता येत नाहीत, एवढे मला माहीत आहे.

घराचा पुढच्या वर्षाचा करार या महिन्याच्या अखेरीस करायचा आहे. नवरा इथे राहणार असेल तर हेच घर ठेवायचे, जाणार असेल तर मला दोन मैत्रिणींबरोबर निम्म्या भाड्यात खोली मिळू शकते. निर्णय आम्हा दोघांनाच घ्यायचा आहे, पण त्याच्याशी बोलायला बसण्यापूर्वी या वाटेने गेलेल्यांचे ऐकावे असे वाटते. ज्यांना इथे उघडपणे लिहिणे अवघड वाटेल त्यांनी व्यक्तिगत निरोप पाठवला तरी चालेल.