पावसाळ्यानंतर क्लचचे पेडल जड झाले आहे. गिअरबॉक्स उतरवण्याआधी काय तपासावे?

गुहागरवासी
नमस्कार. आमच्या घरी केबल क्लचची जुनी मारुती आल्टो आहे. ती मुख्यतः वडील चालवतात, परंतु पावसाळ्यात ती समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असलेल्या उघड्या पत्र्याच्या शेडमध्ये बहुतेक काळ उभीच असते. पाऊस ओसरल्यावर गाडी बाहेर काढली, तर क्लचचे पेडल इतके जड झाले होते की चिपळूणला जाऊन येईपर्यंत वडिलांचा डावा गुडघा दुखू लागतो. पेडल दाबताना पायाला खरखर जाणवते आणि सोडल्यावर ते सावकाश वर येते. गिअर मात्र नीट पडतात, चढावर गाडी ओढते आणि जळका वासही येत नाही. एका गॅरेजमध्ये पेडल दाबून पाहताच पूर्ण क्लच सेट बदलण्याचा सल्ला मिळाला. खर्चाला माझी हरकत नाही, पण दोष नेमका कुठे आहे हे कळल्याशिवाय गिअरबॉक्स उतरवू देणे मनाला पटत नाही. घरी काही तपासता येईल का?

रत्नागिरी_वर्कशॉप
नक्की तपासता येईल, आणि ते आधी तपासलेच पाहिजे. पायाचा जोर पेडलवरून केबलमध्ये, केबलमधून गिअरबॉक्सवरच्या क्लच लिव्हरला आणि तिथून आत फोर्क (ढकलणारा दांडा), रिलीज बेअरिंग (क्लच सोडवताना पुढे सरकणारे बेअरिंग) व क्लच प्लेट दाबून धरणाऱ्या प्रेशर प्लेटपर्यंत जातो. या मार्गात अडथळा कुठे आहे हे ओळखण्यासाठी केबल लिव्हरपाशी सोडवावी. गाडी सपाट जागी इंजिन बंद करून उभी करावी, चाकांना दगड लावावेत, आणि ॲडजस्टिंग नट सैल करण्यापूर्वी त्याच्या जागी खूण करून ठेवावी, म्हणजे परत जोडताना अंदाजाने काम करावे लागणार नाही.

केबल सुटल्यावर पेडल हाताने दाबून पाहावे. ते अगदी हलके झाले, तर दोष लिव्हरपासून आतल्या बाजूला असण्याची शक्यता अधिक. तरीही खरखर आणि जडपणा राहिला, तर दोष केबलमध्ये किंवा पेडलच्या बुशमध्ये (पेडल ज्यावर फिरते त्या नळीसारख्या भागात) आहे, हे निश्चित समजावे. मग केबल पेडलकडूनही सोडवावी: नुसते पेडल मोकळे हलले, की उरली ती केबलच. आतली तार हाताने मागे-पुढे ओढली असता ती कुठे अडते हेही कळते.

आपली लक्षणे मला केबलचीच वाटतात. किनाऱ्यावरच्या हवेत मीठ असते, ते ओल धरून ठेवते, आणि गाडी उभी राहिली की तार आवरणात हलत नसल्यामुळे गंज एकाच जागी बसतो. लिव्हरकडच्या टोकाचे रबरी बूट (आवरण) फाटले आहे का, ते अवश्य पाहावे, कारण पाणी बहुधा तिथूनच आत शिरते.

सागरी_वाट
केबल काढून वरच्या टोकातून तेल सोडले, तर नवी घेण्याची गरज पडू नये, असे मला वाटते. आमच्याकडे मालवणात पुष्कळ जण तेच करतात.

रत्नागिरी_वर्कशॉप
तेलाने पेडल थोडे दिवस हलके होते, हे खरे. परंतु पुष्कळशा केबलींना आतून प्लॅस्टिकचे अस्तर असते. ते एकदा झिजून तार आवरणाच्या धातूला घासू लागली, की तेल ती झीज भरून काढू शकत नाही, उलट धूळ धरते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे खरखर पुष्कळदा तारेचे पीळ तुटू लागल्याची खूण असते. अशी केबल कुंभार्ली घाटात तुटली, तर क्लच सोडवण्याचा मार्गच उरत नाही. क्लच सेटच्या तुलनेत केबलची किंमत अगदी थोडी आहे, म्हणून या बाबतीत तडजोड करू नये.

घाटमाथा
वरील निदान योग्य वाटते. तरी गॅरेजचा सल्ला सर्वस्वी निराधार नव्हता, हेही सांगायला हवे. क्लच प्लेट झिजून पातळ होत जाते, तसा प्रेशर प्लेटच्या डायफ्राम (तबकडीसारख्या) स्प्रिंगचा कोन बदलतो आणि ती दाबायला अधिक जोर लागतो. त्यामुळे जड पेडल हे जुन्या प्लेटचेही लक्षण असू शकते. मात्र असा जडपणा महिनोन्‌महिने हळूहळू वाढतो. एका पावसाळ्यात अचानक येत नाही, आणि त्यात खरखर सहसा नसते. प्लेट संपत आली असेल, तर चढावर इंजिनचे फेरे वाढतात पण गाडी त्या प्रमाणात पुढे जात नाही. ते आपल्याकडे होत नाही.

हायड्रॉलिक (केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणारा) क्लच असलेल्यांनी ही केबलची तपासणी आपल्या गाडीला लावू नये. तिथे मास्टर व स्लेव्ह सिलिंडर (पेडलकडचा व क्लचकडचा) आणि रबरी नळी पाहावी लागते. नळी आतून फुगली, तर पेडल जड होते आणि सावकाश परतते. त्यात डॉट ३ किंवा डॉट ४ या ब्रेक फ्लुइडच्या प्रकारांपैकी कंपनीने सांगितलेलेच फ्लुइड घालावे. चुकून इंजिन ऑइल पडले, तर रबरी सील फुगून सगळे अडकते.

गुहागरवासी
सर्वांचे मनापासून आभार. केबल लिव्हरपाशी सोडवली, तरी पेडल तितकेच खरखरत होते. पेडलकडूनही सोडवल्यावर नुसते पेडल सहज हलू लागले. खालचे बूट फाटलेले निघाले, आणि तार ओढताच गंजाचे तांबूस पाणी बाहेर आले. नवी केबल बसवल्यावर पेडल हलके झाले असून वडील समाधानी आहेत. आता पेडलला मोकळी चाल (क्लचवर जोर येण्याआधी पेडल नुसतेच हलते ते अंतर) किती ठेवावी?

रत्नागिरी_वर्कशॉप
नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत असतो, तोच पाळावा. मोकळी चाल अजिबात ठेवली नाही, तर रिलीज बेअरिंग सतत दाबाखाली फिरत राहते आणि प्लेट घसरू लागते; जास्त ठेवली, तर क्लच पूर्ण सुटत नाही आणि रिव्हर्स टाकताना गिअर करकरतो. जुन्या केबलची खूण नव्या केबलला लागू पडत नाही, म्हणून पुन्हा मोजूनच नट आवळावा. थोडे दिवस गाडी चालवल्यावर नवी केबल किंचित बसते, तेव्हा एकदा परत मोजावे. पुढच्या पावसाळ्यात गाडी उभी असली, तरी आठवड्यातून एकदा इंजिन बंद ठेवून पेडल काही वेळा पूर्ण दाबून सोडत जावे.