मदत हवी आहे: १/७२ नॅट विमानाच्या मॉडेलवर रंग खरखरीत झालाय, टेपखालून झिरपलाय. सगळा उतरवू का?

परभणीकर:
नमस्कार मंडळी. नॅट विमानाचं १/७२ प्रमाणातलं प्लास्टिक मॉडेल रंगवतोय. खाली ऑटो पेंटच्या दुकानातला पांढरा स्प्रे प्रायमर, त्यावर तामिया कंपनीचा ॲक्रिलिक रंग, त्यांचंच एक्स-२०ए थिनर (रंग पातळ करायचं द्रव) घालून निम्मं-निम्मं. एअरब्रशची (हवेच्या दाबानं रंग फवारायचं पेन) सुई ०.३ मिमी, दाब २५ पीएसआय, अंतर वीतभर. वेळ दुपारी ३ ची, कूलर चालू.

आता पंखांवरचा हिरवा रंग बोटाला वाळूसारखा लागतो. पोटाचा फिकट करडा टेपनं झाकून वर हिरवा मारला होता, तो टेपखालून गेलाय आणि कडेला दात पडलेत. शिवाय शेपटीजवळ बोटाचा ठसा उमटलाय. दुकानदारानं एनसी थिनर (नायट्रोसेल्युलोज रंगांचं थिनर) दिलंय. त्यानं सगळा रंग काढून पहिल्यापासून सुरुवात करू का?

औरंगपुरा:
एनसी थिनर आधी बाजूला ठेवा. ते मॉडेलचं प्लास्टिक, म्हणजे पॉलिस्टायरीन, विरघळवतं. पॅनेल लाइन (पत्र्यांचे जोड दाखवणाऱ्या कोरीव रेषा) बुजतात, पंखाची मागची पातळ कड वाकडी होते, आणि ते नुकसान भरून येत नाही. ॲसिटोनचंही तेच.

सगळं उतरवायची गरजही नाही. खरखर आणि झिरपणं, दोन्हींचं मूळ एकच आहे. मे महिन्यातली कोरडी हवा, जास्त दाब आणि वीतभर अंतर, यामुळे रंगाचे थेंब विमानावर पोचायच्या आधीच अर्धे सुकले. त्याची पूड बसली, तीच तुमच्या बोटाला लागतेय. करडाही तसाच खरखरीत बसला असणार. अशा पृष्ठावर टेप नीट चिकटत नाही, कणांच्या फटीतून हिरवा आत शिरतो. म्हणून आधी घासकाम, मग कड. क्रम उलटा केलात तर कड पुन्हा बिघडेल.

४८ तास हात लावू नका. नंतर नाकाजवळ धरून बघा. रंगाचा वास येत असेल तर तो आतून अजून ओलाच आहे. उन्हाळ्यात वरची साय लगेच धरते, खाली रंग मऊ राहतो. ठसा त्यामुळेच उमटला.

वास गेला की १५०० नंबरचा वॉटर पेपर, मग २०००. नखाएवढा तुकडा, वाटीभर पाण्यात भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब. पाणी हिरवट होत राहील. पंखाच्या कडेला पांढरं डोकावलं की प्रायमर लागला, तिथंच थांबा. कडा आणि उंचवटे सगळ्यात आधी उघडे पडतात, तिथं पेपर दाबू नका. ठसाही २००० नं उतरेल. शेवटी धुऊन घ्या, पुढचं सगळं हातमोजे घालून.

गोदाकाठ:
कडेबद्दल. टूथपिक तिरकी कापा, टोक आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवून कागदावर टिपा, नुसती ओलसर राहिली पाहिजे. मग हिरव्या दातांवर कडेच्या दिशेनं हळूहळू ओढा. दर दोन-तीन फेऱ्यांनी टोक पुसा, नाहीतर विरघळलेला हिरवा करड्यावर पसरतो. खालचा करडाही ॲक्रिलिकच आहे, त्यामुळे तो थोडाफार निघणारच, त्याला नंतर हात द्यावा लागेल. मोबाइल दुरुस्तीवाले वापरतात ते ९९ टक्क्यांचं घ्या. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं, त्याचा पातळ थर राहतो आणि नवा रंग धरत नाही.

पुन्हा टेप लावाल तेव्हा कड टूथपिकच्या बोथट टोकानं घासून बसवा, पॅनेल लाइनमध्ये जास्तच. मग कडेवर आधी करड्याचाच पातळ हात मारा. झिरपायचं ते करडंच झिरपतं आणि फटी बंद होतात. तो सुकला की हिरवा. टेप काढताना ती स्वतःवरच उलटी दुमडून हळू ओढा, सरळ वर उचलू नका.

लातूरकर:
पुन्हा मारताना सकाळी ६ ते ८ ची वेळ धरा. दाब १५ पीएसआय, अंतर ७-८ सेंटीमीटर, रंग २ भाग, थिनर ३ भाग. रिटार्डर (रंग हळू सुकावा म्हणून घालायचं द्रव) मिळालं तर पातळ केलेल्या रंगाच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच, जास्त झालं तर रंग दिवसेंदिवस चिकट राहतो. रंग बसताना क्षणभर ओला चमकला पाहिजे. चमकलाच नाही तर पुन्हा पूड बसतेय, अजून जवळ या.

कूलर अर्धा तास आधी चालवून खोली गार करा आणि रंगवताना बंद ठेवा. तो धूळ उडवतो, बोअरच्या पाण्याचे बारीक तुषारही येतात, त्यातल्या क्षाराचे पांढरे ठिपके पडतात. घासल्यानंतरची शेवटची धुलाईसुद्धा याच कारणासाठी बॅटरीत घालायच्या डिस्टिल्ड पाण्यानं करा.

परभणीकर:
मनापासून आभार. थिनर परत देतो. एक राहिलं, कॉकपिटच्या काचेवरही हिरवे शिंतोडे आहेत. आणि एवढं करून पंख जमलाच नाही तर?

गोदाकाठ:
काचेला आधी कोरडी टूथपिक. लाकूड प्लास्टिकपेक्षा मऊ, ओरखडा पडत नाही. राहिलंच तर तीच टूथपिक अल्कोहोलनं जेमतेम ओली करून.

पंख बिघडलाच तर तेवढाच भाग अल्कोहोलच्या कापसानं काढा, खालचा प्रायमर बहुतेक टिकेल. कुणी डेटॉल सुचवलं तर एक लक्षात ठेवा: ॲक्रिलिक त्यानं निघतं, पण मध्येच पाणी लागलं तर डिंकासारखा चिकट गोळा होतो. रंग घासून काढायचा ब्रश निव्वळ डेटॉलमध्येच धुवायचा, रंग पूर्ण निघाल्यावरच पाणी. काच मात्र त्यात बुडवू नका.