मदत हवी आहे: पिक्सेल ८ए वर ग्राफीनओएस टाकताना इन्स्टॉलर अडलाय, शिवाय यूपीआयचं काय?

भारतात घेतलेला पिक्सेल ८ए आहे, त्यावर ग्राफीनओएस (सुरक्षितता आणि खासगीपणासाठी बनवलेली, अँड्रॉइडवर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम) टाकायचीय. बिल्ड नंबरवर सात वेळा टॅप करून डेव्हलपर ऑप्शन्स उघडले, ओईएम अनलॉकिंग (दुसरी सिस्टिम टाकण्यासाठी फोनचं कुलूप उघडू देणारी सेटिंग) चालू केलं, पॉवर आणि व्हॉल्यूम डाउन दाबून फास्टबूटमध्ये (लॅपटॉपवरून सिस्टिम टाकता येते त्या मोडमध्ये) आणला. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ आणि क्रोमियम. वेब इन्स्टॉलरमध्ये अनलॉकचं बटण दाबलं की उघडणाऱ्या यादीत फोनच दिसत नाही. केबल बदलून पाहिली.

हे जमलं तर बँकेची अॅप्स, यूपीआय, व्हॉट्सअॅपचे जुने मेसेज आणि मराठी टायपिंग यांचं काय होतं, तेही सांगा.

प्रतिसाद १

केबल ठीक असणार, गोची स्नॅपची (उबुंटूच्या बंदिस्त अॅप-पॅकेजची) आहे. उबुंटूत क्रोमियम नेहमीच्या एपीटी कमांडने टाकलं तरी ते स्नॅप म्हणूनच येतं, आणि त्या बंदिस्त खोक्यातून वेबयूएसबी (ब्राउझरला यूएसबीवरच्या उपकरणाशी बोलू देणारी सोय) फोनपर्यंत धड पोचत नाही. फ्लॅटपॅक या दुसऱ्या पॅकेज प्रकाराचंही तेच रडगाणं. क्रोम किंवा ब्रेव्हचं डेब पॅकेज घ्या. ब्रेव्ह असेल तर त्या पानापुरत्या शील्ड्स (जाहिराती-ट्रॅकर अडवणारी सोय) बंद. इन्कॉग्निटो नको, तिथे साठवणीला मर्यादा असते आणि डाउनलोड अर्ध्यावर मरतं. डिस्कवर ३२ जीबी मोकळी ठेवा.

यूडेव्ह नियमांसाठी (लिनक्समध्ये फोन वापरायची परवानगी देणाऱ्या) 'अँड्रॉइड-एसडीके-प्लॅटफॉर्म-टूल्स-कॉमन' हे पॅकेज लागेल. फोन यादीत दिसूनही जोडला जात नसेल तर एफडब्ल्यूयूपीडी ही फर्मवेअर अपडेटची सेवा त्याला धरून बसलेली असते. सिस्टिमसीटीएल कमांडने ती तेवढ्यापुरती थांबवा. यूएसबी हब मध्ये नको.

पुढचा क्रम: अनलॉक, डाउनलोड, फ्लॅश (नवी सिस्टिम फोनमध्ये लिहिणं), लॉक. फ्लॅश चालू असताना फोन आपोआप अनेकदा रीबूट होतो, तेव्हा हात लावू नका. अनलॉक करताना डेटा पुसला जातो आणि लॉक करताना पुन्हा पुसला जातो, म्हणून लॉक होईपर्यंत फोनमध्ये काहीही भरू नका. लॉक न करता वापरणं म्हणजे व्हेरिफाइड बूटवर (सुरू होताना सिस्टिममध्ये फेरफार नाही ना, या तपासणीवर) पाणी सोडणं; मग एवढा खटाटोप कशाला? नंतर ओईएम अनलॉकिंगही बंद करा. दर बूटला पिवळी सूचना दिसेल, ती बिघाड नव्हे. त्यावरचा किल्लीचा हॅश (ओळख पटवणारी अक्षर-आकड्यांची ओळ) एकदा अधिकृत संकेतस्थळावरच्या हॅशशी ताडून बघा.

प्रतिसाद २

बँकेच्या अॅप्सबद्दल सरसकट उत्तर नाही. ग्राफीनओएसच्या अॅप स्टोअरमधून प्ले सर्व्हिसेस आणि प्ले स्टोअर टाकता येतात, पण ते साध्या अॅपसारखे, विशेष अधिकारांशिवाय चालतात. प्ले इंटिग्रिटीची (फोन विश्वासाचा आहे का हे अॅपला सांगणाऱ्या गूगलच्या तपासणीची) प्राथमिक पातळी पास होते, 'डिव्हाइस' पातळी होत नाही, कारण गूगलने ही ओएस प्रमाणित केलेली नाही. जी बँक ती पातळी मागते तिचं अॅप चालणार नाही. गूगल वॉलेटने मशीनला फोन टेकवून पैसे देणंही विसरा.

बाकीची अॅप्स बहुधा दोन कारणांनी अडतात. एक, ओईएम अनलॉकिंग बंद करायला उघडलेले डेव्हलपर ऑप्शन्स चालूच राहतात; काही बँका तेवढ्यावरूनच दार लावतात. दोन, उघडताक्षणी क्रॅश. त्यावर अॅप इन्फोमध्ये एक्सप्लॉइट प्रोटेक्शन कंपॅटिबिलिटी मोड (जादा सुरक्षा त्या अॅपपुरती सैल करणारी सेटिंग) चालू करा. यूपीआय नोंदणीत सिम पडताळायला अॅप स्वतः एसएमएस पाठवतं, तेव्हा एसएमएस आणि फोन या परवानग्या द्या.

हाताशी जुना फोन असेल तर यूपीआय आधी त्यावर हलवा आणि नव्यावर अॅप लॉगिनच्या पडद्यापर्यंत येतं का एवढंच बघा. नकार बहुतेकदा तिथेच कळतो. नव्यावर नोंदणी केलीत की जुन्यावरची सुटते.

प्रतिसाद ३

व्हॉट्सअॅप: अनलॉक करण्याआधी बॅकअप घ्या आणि अँड्रॉइड, मीडिया, कॉम.व्हॉट्सअॅप या वाटेवरचं फोल्डर लॅपटॉपवर उतरवा. नंतर अॅप टाका, उघडू नका, फोल्डर त्याच जागी ठेवा, मग उघडून त्याच नंबरने नोंदणी करा आणि मागितलेल्या परवानग्या द्या.

मराठी: ग्राफीनओएससोबत येणाऱ्या कीबोर्डवर देवनागरी मांडणी आहे, रोमनमधून मराठी नाही. ते हवं तर गूगलचा जीबोर्ड टाका, मराठी उतरवून घ्या आणि मग त्याची नेटवर्क परवानगी काढा.

प्रतिसाद २

वरच्यात एक भर. नेटवर्क काढलं तरी त्याच प्रोफाइलमध्ये प्ले सर्व्हिसेस असतील तर जीबोर्ड त्यांच्याशी बोलू शकतो, आणि त्यांच्याकडे नेटवर्क असतं. ते चालणार नसेल तर प्ले आणि बँका दुसऱ्या युजर प्रोफाइलमध्ये ठेवा, जीबोर्ड मुख्य प्रोफाइलमध्ये.