सासूबाईंच्या जांघेतील चट्टे बरे होत नाहीत, माझे काय चुकते आहे?

प्रश्न (मंगळवार पेठ, कोल्हापूर)

माझ्या सासूबाई ७८ वर्षांच्या असून त्यांना मधुमेह आहे. सहा महिन्यांपूर्वी अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांना लघवी झाल्याचे कळत नाही आणि अधूनमधून शौचही डायपरमध्येच होते. पाऊस लागल्यापासून, म्हणजे गेल्या तीन आठवड्यांत, त्यांच्या दोन्ही जांघांत आणि नितंबांवर लाल, ओलसर, चकाकणारे चट्टे उठले असून काही ठिकाणी कातडीची सालपटे निघाली आहेत. प्रत्येक वेळी मी कोमट पाण्यात झाकणभर जंतुनाशक घालून साबणाने धुते, टॉवेलने खसखसून पुसते आणि वर भरपूर टाल्कम पावडर टाकते. दिवसातून पाच-सहा वेळा हे होते, तरी चट्टे वाढतच आहेत. पाणी लागताच सासूबाई माझे मनगट घट्ट धरून डोळे मिटून घेतात, तोंडातून मात्र शब्द काढत नाहीत, आणि ते मला पाहवत नाही. परवा नणंदबाई येऊन गेल्या व स्वच्छता कमी पडते आहे असे म्हणाल्या. औषधाच्या दुकानातून एक मलम आणून लावले, त्याने दोन दिवस बरे वाटले आणि नंतर चट्टे कडेने पसरले. कृपया मार्गदर्शन करावे.

उत्तर (निवृत्त परिचारिका, कसबा बावडा)

ताई, स्वच्छता कमी पडते आहे हे आधी मनातून काढून टाका. तुमच्या वर्णनावरून उलट असे दिसते की धुणे, चोळणे आणि जंतुनाशक यांचाच मारा त्या नाजूक कातडीवर फार झाला आहे.

आपली त्वचा किंचित आम्लधर्मी असते, तिचा सामू (pH, म्हणजे आम्लतेचे माप; तो जितका कमी तितकी आम्लता जास्त) साधारण ४.५ ते ५.५ असतो आणि त्या आम्लतेमुळेच तिचे रक्षण होते. लघवी अंगाला लागून राहिली की तिच्यातील युरियापासून जंतू अमोनिया तयार करतात आणि त्वचा अल्कधर्मी होऊ लागते. त्यातच शौच लागले तर त्यातील पाचक रस अशा अल्कधर्मी त्वचेवर अधिक जोराने काम करतात व कातडी अक्षरशः खाल्ली जाते. पातळ शौचाने म्हणूनच जास्त नुकसान होते. आता यात भर अशी की अंगाच्या नेहमीच्या साबणाचा सामू ९ ते १० असतो, म्हणजे दिवसातून सहा वेळा साबण लावून आपण तेच नुकसान पुढे नेतो. जंतुनाशकाने सोललेल्या कातडीची आग होते, आणि सासूबाई मनगट धरतात ते त्यामुळे. पावडर ओलाव्यात भिजून तिच्या गुठळ्या घड्यांत बसतात आणि हालचालीबरोबर घासतात. जंतुनाशक आणि पावडर आजपासून बंद करा.

धुण्यासाठी साधे कोमट पाणी आणि साबणरहित, सौम्य क्लीन्झर वापरा. न धुता पुसून घेण्याचा प्रकारही औषधांच्या दुकानांत मिळतो. मऊ सुती कापड पुढून मागे हलकेच फिरवा. नंतर कोरडे करताना पुसू नका, टिपा: कापड ठेवायचे, दाबायचे, उचलायचे. जांघेची घडी बोटांनी अलगद उघडून आतला ओलावाही टिपून घ्या. त्यानंतर झिंक ऑक्साइड किंवा डायमेथिकोन असलेल्या मलमाचा थर द्या. पुढच्या वेळी तो पांढरा थर खरवडून काढण्याचा मोह आवरा. वरचा घाण झालेला भाग तेवढा तेलाच्या बोळ्याने उचलावा आणि त्यावर नवा थर द्यावा. खरवडण्याने नवी आलेली कातडीही निघून येते. पेट्रोलियम जेली वापरलीत तर अगदी पातळ लावा, कारण जाड थर डायपरला चिकटला की डायपर लघवी शोषत नाही.

डायपर दिवसा दर दोन-तीन तासांनी पाहा, शौच झाले असेल तर क्षणाचाही विलंब नको. कमरेशी दोन बोटे सहज जातील इतपतच तो सैल बांधा. दिवसातून दोनदा अर्धा-अर्धा तास डायपर काढून, खाली शोषक पॅड अंथरून, कुशीवर झोपवून त्या भागाला हवा लागू द्या. आपल्याकडे पावसाळ्यात घरात दोरीवर टाकलेली लुगड्याची फडकी दोन-दोन दिवस दमट राहतात, ती तशीच वापरू नयेत; इस्त्री फिरवून पूर्ण कोरडी करावीत.

चट्टे कडेने पसरले आणि त्यांच्याभोवती लहान लाल पुटकुळ्या असतील तर त्यावर बुरशीचा संसर्ग चढला असण्याची दाट शक्यता आहे. मधुमेह आणि ओलावा असला की तो सहज होतो. दुकानातून आणलेल्या मलमाची नळी पाहा. त्यात स्टेरॉइड, प्रतिजैविक आणि बुरशीनाशक असे तिन्ही एकत्र असेल तर ते थांबवा. अशा मलमाने लाली दोन दिवस दबते, कातडी पातळ होते आणि बुरशी चिवट बनते. त्वचारोगतज्ज्ञांना दाखवून फक्त बुरशीनाशक मलम लिहून घ्या आणि रक्तातील साखरही तपासा. हे दाखवणे या आठवड्यातच व्हावे.

उत्तर (वडिलांची शुश्रूषा केलेला मुलगा, राजारामपुरी)

वरील उत्तराशी मी पूर्णपणे सहमत आहे, फक्त एक अनुभव सांगतो. माझ्या वडिलांना दिवसातून आठ-दहा वेळा थोडे थोडे पातळ शौच होत असे. जुलाब समजून मी स्वतःच जुलाब थांबवण्याची गोळी चार दिवस दिली. त्यांचे पोट फुगले, चट्टे अधिकच चिघळले. डॉक्टरांनी बोटाने तपासल्यावर कळले की आत घट्ट मळाचा खडा अडकला होता आणि त्याच्या कडेने पातळ मळ झिरपत होता, म्हणजे मूळ विकार बद्धकोष्ठतेचा होता आणि मी नेमके उलटे औषध देत होतो. एनिमा देऊन खडा काढल्यावर झिरपणे थांबले आणि कातडीला विसावा मिळाला. आपल्या सासूबाईंना शौच नेमके कसे व किती वेळा होते, याची आठवडाभर वहीत नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवावी, अशी माझी आग्रहाची विनंती आहे. लघवी कमी व्हावी म्हणून पाणी मात्र कमी करू नका. लघवी घट्ट झाली की ती अधिक झोंबते आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाचा धोकाही वाढतो.

प्रश्नकर्ती (दहा दिवसांनंतर)

आपणा दोघांचे मनापासून आभार. मलमात स्टेरॉइड होतेच. त्वचारोगतज्ज्ञांनी बुरशीचे निदान करून वेगळे मलम दिले, त्यावर झिंकचा थर देते आहे. साबण सुटल्यापासून आग थांबली असावी, कारण सासूबाई आता कापड लावताना हात सोडून शांत पडून राहतात. जांघेतील सालपटे जाऊन कातडी कोरडी दिसते. एकच शंका आहे: माकडहाडावर रुपयाएवढा काळसर-जांभळा डाग उरला आहे, तो तसूभरही हललेला नाही.

उत्तर (निवृत्त परिचारिका, कसबा बावडा)

ताई, तो डाग वेगळा आहे. ओलाव्याचे चट्टे घड्यांत व पसरट असतात, त्यांच्या कडा अस्पष्ट असतात. हाडाच्या उंचवट्यावर, ठळक कडेचा डाग बहुधा दाबाने होतो आणि ती शय्याव्रणाची सुरुवात असू शकते. सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, म्हणून बोटाने दाबून रंग फिका होतो का ते पाहा आणि तेथील कातडी आजूबाजूपेक्षा गरम, कडक किंवा पिठासारखी मऊ लागते का, हेही तपासा. जांभळा रंग असेल तर आतले मांस दुखावलेले असू शकते, म्हणून उद्याच्या उद्या डॉक्टरांना दाखवा. तोपर्यंत तेथे चोळून मालीश करू नका, दर दोन तासांनी कूस बदला, पाठीमागे उशी देऊन थोडे तिरके झोपवा आणि जेवण झाल्यावर सुमारे तासाभराने पलंगाचे डोके खाली करा, कारण टेकून बसवले की शरीर खाली घसरते आणि माकडहाडावरची कातडी ओढली जाते. सरकवतानाही फरफटत ओढू नका. खाली दुहेरी चादर घालून दोघांनी तिच्या कडा धरून उचला.