शब्दचर्चा : हॉथॉर्नला मराठीत काय म्हणावं?

रानवाटा
एका आयरिश लोककथेचा मुलांसाठी अनुवाद करते आहे. शेताच्या मधोमध एकटंच हॉथॉर्नचं झाड. शेतकरी त्याला वळसा घालून नांगर हाकतो, पण फांदीला हात लावत नाही, कारण ते 'त्यांचं' झाड. मी हॉथॉर्न तसंच ठेवलं होतं. मजकूर तपासणाऱ्या बाईंनी सगळीकडे 'बाभूळ' केलं. त्यांचं म्हणणं, काटेरी झाड डोळ्यांपुढे आलं की काम झालं. पण पुढे नात त्याची पांढरी फुलं घरात आणते आणि आजीच्या काळजात धस्स होतं. बाभळीची फुलं पिवळी, आणि ती घरात आणली म्हणून आपल्याकडे कोण घाबरतं? मराठी शब्द सुचवा.

कुपाटी
बाभूळ नकोच. ती शेंगांच्या कुळातली, हॉथॉर्न गुलाबाच्या. फूल पाच पाकळ्यांचं, फळ लाल, गुंजेहून मोठं आणि बोराहून लहान. आजी घाबरते याला कारण आहे. त्या फुलांत ट्रायमिथिलअमीन नावाचं रसायन असतं, सडणाऱ्या मांसातही तेच तयार होतं. पूर्वी मयत घरातच ठेवलेलं असे, लोकांना तो वास ओळखीचा होता. म्हणून इंग्लंड-आयर्लंडात ही फुलं घरात आली की मागोमाग मरण येतं, असा समज. झाड बदललंत तर आजीची भीती निराधार होईल.
हिंदी वनौषधींच्या पुस्तकांत 'वनसांगली' असं नाव मिळतं. कुमाऊँत घिंगारू आहे, त्याला पूर्वी हॉथॉर्नच्याच प्रजातीत धरत, आता पायराकँथात धरतात.

निरुक्तवेडा
हिंदीतून उसनं कशाला? 'वईकाटा' म्हणा! वई म्हणजे कुंपण. 'हॉ' म्हणजे मुळात कुंपण, इंग्रजी 'हेज' त्याचाच भाऊबंद. अठराव्या-एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडमधली गावकीची जमीन कायद्याने खासगी झाली तेव्हा नव्या मालकांनी मैलोगणती कुंपणं याच झाडाची लावली. आणि 'थॉर्न'चं मूळ थेट आपल्या 'तृणा'शी जुळतं! इतकं जवळचं नातं असताना आपण 'हॉथॉर्न' असं परक्यासारखं का लिहावं?

तांबडमाती
निरुक्तवेडादादा, आमच्या गावी वईकाटा म्हटलं तर पावसाच्या तोंडावर वईवर टाकलेल्या करवंदीच्या नि बोरीच्या सुक्या काट्या डोळ्यांपुढे येतात. उभं, फुललेलं झाड नाही येणार.
पण वईचा धागा मला फार आवडला. आमच्या वईत निगडी आणि अडुळसा. सांधे धरले की आजी निगडीचा पाला शेकायला घ्यायची, खोकल्याला अडुळशाचा रस. दवाखाना लांब होता, वई दारात होती. हॉथॉर्नचंही तसंच दिसतंय, कुंपण तेच आणि औषधही तेच.

सांजवात
औषधाचं निघालंच आहे तर सांगते, हे झाड मराठी घरांत कधीच येऊन पोचलंय, फक्त बाटलीतून. होमिओपॅथीवाल्या कुठल्याही घरी विचारा, 'क्रॅटेगस' माहीत असतं, ते हॉथॉर्नचंच शास्त्रीय नाव. आमचे आजोबा हृदयासाठी रोज पाण्यातून थेंब घ्यायचे. मग 'क्रॅटेगस'च मराठी शब्द का मानू नये? निदान काही घरांत तरी तो बोलला जातो.

कुपाटी
सांजवातताई, हे वाचून कोणी चालू गोळ्या बंद करू नयेत म्हणून लिहितो. होमिओपॅथीचे थेंब वेगळे आणि पानाफुलांचा अर्क वेगळा. अर्काला जर्मनीत 1994 मध्ये हृदयाच्या सौम्य अशक्तपणासाठी (हार्ट फेल्युअर) सरकारी समितीची मान्यता मिळाली. पुढे 'स्पाइस' नावाची मोठी चाचणी झाली, 2681 रुग्ण, निष्कर्ष 2008 मध्ये छापून आले. नेहमीच्या औषधांच्या जोडीला अर्क देऊन पाहिला. तो सुरक्षित ठरला, पण मृत्यू आणि हृदयाचे गंभीर प्रसंग एकत्र मोजले तेव्हा ठोस फरक दिसला नाही. डिगॉक्सिन हे हृदयाचं औषध चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय अजिबात घेऊ नका.
चीनमध्ये याच प्रजातीचं मोठं फळ मांसाहारानंतर पचनासाठी खातात. एकाच प्रजातीची झाडं, कुठे हृदयाला, कुठे पोटाला.

गोष्टवेल्हाळ
झाडाचं नाव हॉथॉर्नच राहू दे. रानवाटा, तुमची खरी अडचण पुढे आहे. ते झाड ज्यांचं, त्यांना काय म्हटलंत?

रानवाटा
सध्या 'पऱ्या' लिहिलंय.

गोष्टवेल्हाळ
तिथेच कथा मरते. परी म्हटलं की मुलांना पंख आणि जादूची कांडी दिसणार. आयर्लंडातले 'ते' असे नाहीत. झाड तोडलं तर गुरं मरतात, घरात आजारपण येतं. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात लटून इथे महामार्गाच्या आड असंच एकटं झाड येत होतं. एडी लेनिहान या कथेकऱ्याने जाहीर इशारा दिला, की हे तोडलंत तर या रस्त्यावर माणसं मरतील. झाड वाचवून रस्ता नेला. पऱ्यांना घाबरून कोणी रस्ता हलवेल का?

तांबडमाती
अहो, मग हा आमचा देवचार झाला! आपली हद्द राखतो, रात्री फिरतो, मान दिलात तर सांभाळतो. तोच शब्द घाला.

निरुक्तवेडा
देवचार घातलात तर आयर्लंडचं सिंधुदुर्ग होईल. बाभळीला जो आक्षेप तोच इथे लागू. शिवाय देवचार एकटा राखणदार, यांची तर अख्खी वस्ती.

गोष्टवेल्हाळ
मान्य. पण आयरिश माणूस त्यांचं नावही घेत नाही, 'ती भली माणसं' म्हणतो. आपणही रात्री सापाला 'लांबडं' म्हणतो, भुताला 'बाहेरचं'. 'बाहेरच्यांचं झाड' असं म्हणून पाहा. मग आजी का घाबरली तेही कळेल, कारण बाहेरच्यांची वस्तू आत आली. मे महिन्याच्या पहिल्या दिवशी आयर्लंडात हीच फांदी दाराबाहेर लावत, घराच्या रक्षणासाठी. ओव्हिड या कवीने सांगितलेल्या रोमन कथेतही रात्री तान्ह्या बाळांचं रक्त पिणाऱ्या पक्षिणींना अडवायला पांढऱ्या काट्याची काठी लहानशा खिडकीत ठेवतात. उंबऱ्याबाहेर हे झाड राखण करतं, आत आलं की घात.

रानवाटा
'बाहेरच्यांचं झाड' मनात बसलं. पण 'बाहेरचं' म्हटलं की मांत्रिक आणि अंगारा आठवतो, या मंडळींना तर नाचगाणं आवडतं. आणि झाडाचं नाव अजून लटकलेलंच आहे. 'पांढरकाटा' कसं वाटतं? आयरिश आणि जर्मन नावंही याच अर्थाची आहेत.

निरुक्तवेडा
सुरेख, पण कुंपण गेलं त्यातून. कुंपण हा या झाडाचा प्राण आहे. मी वईवर ठाम आहे. 'वृति'वरून वई, किती जुना आणि देखणा शब्द!

सांजवात
आम्ही देशावरचे. वई आम्ही फक्त पुस्तकात वाचली. आमच्याकडे कुपाटी किंवा शेराचं कुंपण. मुलांच्या पुस्तकात वई किती जणांना कळेल?

तांबडमाती
कळत नसेल तर तिथेच शिकतील की! आमच्या खालच्या वाडीत तर तिला 'वय' म्हणतात, 'वय घातली' असं. रत्नागिरीकडचे कोणी आहेत का इथे? तुमच्याकडे वई की वय?