प्रतिसाद: आधी स्वतःचा हात बघा

शरीरातल्या 206 हाडांची नावं पाठ करूनही काहीच डोक्यात राहत नाही, अशी शरीररचना शिकणाऱ्या एकाची तक्रार आहे. राहणारच नाही हो, नावांना काही धरायलाच नसतं! पुस्तक जरा बाजूला ठेवा. तळहात टेबलावर पालथा ठेवा, मधलं बोट आत दुमडा आणि बाकीची एकेक उचलून बघा. अंगठा, तर्जनी, करंगळी मुकाट उठतील. अनामिका मात्र चिकटल्यासारखी बसून राहील. कारण मधल्या बोटाच्या आणि अनामिकेच्या कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) हाताच्या मागच्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी जोडलेल्या असतात. तर्जनी आणि करंगळीला उचलणारा जादाचा स्वतंत्र स्नायू असतो.

आता दुसऱ्या हाताने कोपराखाली धरा आणि बोटं हलवा. हालचाल तिथे जाणवते ना? बोटं वाकवणारे मुख्य स्नायू बोटांत नसतातच. त्यांच्या 9 कंडरा मनगटातल्या अरुंद बोगद्यातून जातात, सोबत एक नस (म्हणजे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे). तिथे सूज आली की नस दाबली जाते आणि अंगठा, तर्जनी, मधलं बोट यांना मुंग्या येतात. करंगळी शाबूत, तिची नस वेगळ्या वाटेने येते.

हे एकदा कळलं की मनगटाची 8 हाडं पाठ करणं (तेही करावं लागतंच) तेवढं रटाळ वाटत नाही.